रंग द्या, पण रेघ पुसू नका

आमच्या सांगलीच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर तीन लाल रेघा आहेत. सगळ्यात खालची २००५ ची, तिच्या जरा वर २०२१ ची आणि माझ्या खांद्याला लागते ती २०१९ ची. पाणी ओसरलं की आजोबा ऑइल पेंटचा डबा काढायचे आणि रेघ मारून शेजारी साल लिहायचे. बाकीच्यांच्या घरात भिंतीवर पोरांची उंची मोजतात, आमच्याकडे कृष्णामाईची मोजायचे.

गेल्या वर्षी आजोबा गेले. आम्ही साताऱ्यात राहतो, आजीही आता आमच्याकडेच असते. सांगलीचं घर कुलपात आहे, घरपट्टी मात्र चालूच. शेवटी घर विकायचं ठरलं. बाबांनी एक एजंट गाठला. त्या काकांनी घरभर फिरून यादीच सांगितली. बाहेरून रंग काढा, हॉलला पीओपी करा, बाथरूमचे नळ बदला, माळ्यावरचं भंगार घालवा, फोटो मोबाइल आडवा धरून काढा म्हणजे खोल्या मोठ्या दिसतात. जाता जाता म्हणाले, "आणि त्या रेघांवर दोन हात पुट्टी मारून घ्या. गिऱ्हाईक घाबरतंय बघून. व्यवहार पावसाळ्याच्या आत उरकायचा, काय?"

बाबांनी मान डोलावली. मी नाही म्हटलं. तिथून आमच्या घरात जी वादावादी सुरू झाली, ती अजून चालू आहे.

आधी स्पष्ट सांगते, घर नटवायला माझा विरोध नाही. मुलगी बघायला येणार म्हटलं की लोक पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर घालतातच की. गळका नळ बदलणं, ओल आलेलं प्लास्टर खरवडून नवं करणं, जुनी वायरिंग काढणं, वारसनोंद आणि प्रॉपर्टी कार्ड नीट करून ठेवणं, ही सगळी खरी तयारी. त्याने घर खरोखर सुधारतं. रेघेवर पुट्टी मारल्याने घरात काहीच सुधारत नाही. फक्त समोरच्याला कळायचं ते कळत नाही.

एजंटकाकांचं उत्तर तयार होतं. "सांगलीत पूर येतोय हे शेंबड्या पोराला पण माहितंय. ज्याला विचारायचंय तो विचारेल."

मुद्दा वरवर बरोबर आहे. पण आमचं घर बघायला आलेलं पहिलंच कुटुंब आटपाडीकडचं होतं. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांना सांगलीत यायचंय. जिल्हा एकच, पण ते टँकरची वाट बघत मोठे झालेले, आणि आम्ही ऑगस्टमध्ये फ्रीज माडीवर चढवणारे. सांगलीत पूर येतो हे त्यांनाही माहीत आहे. या घरात, या भिंतीवर पाणी कुठपर्यंत चढतं, हे फक्त आम्हाला माहीत आहे.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. मी तेव्हा अकरावीत, साताऱ्यात. इथे आम्ही कोयनेच्या विसर्गाची बातमी ऐकतो आणि चहा पितो. तेच पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि पुढे सांगलीत लोकांच्या घरात शिरतं. आजी-आजोबा शेजारच्यांच्या माडीवर अडकले होते. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तर गाद्या, गव्हाची पोती, बाबांची जुनी सर्टिफिकेटं, सगळ्याचा एकच चिखल झाला होता. भिंतीतली ओल पुढचे कित्येक महिने हटली नाही. यातलं काहीच आडव्या धरलेल्या मोबाइलच्या फोटोत दिसत नाही.

मग मी कायदा वाचून काढला. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५. साध्या भाषेत सांगायचं तर, मालमत्तेत एखादा मोठा दोष आहे, तो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि नेहमीची काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येणार नाही, तर तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. आता गंमत बघा. रेघ भिंतीवर आहे तोवर कुणालाही दिसते. पुट्टी मारली की ती लक्षात न येणारी होते. म्हणजे न दिसणारा दोष आपण स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या खर्चाने तयार करतो.

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये २०१७ च्या हार्वे वादळानंतर कायदा कडक झाला. १ सप्टेंबर २०१९ पासून तिथे घर विकणाऱ्याला घरात पूर्वी पुराचं पाणी शिरलं होतं का, हे लेखी सांगावं लागतं. त्याच्या महिनाभर आधी सांगली पाण्यात होती. आपल्याकडे जलसंपदा विभागाच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण घर बघायला येताना तो नकाशा कोण घेऊन येतं? पूरपट्ट्यातल्या प्रत्येक खरेदीखतात 'या घरात कोणत्या साली किती पाणी आलं' हा एक रकाना सक्तीचा करायला काय हरकत आहे?

हे सगळं मी बाबांना तावातावाने ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "तुझं बरोबर आहे. पण भाव दोन-तीन लाखांनी पडला तर फ्लॅटचा हप्ता मी भरायचाय, तू नाही." मला लागलं ते. कारण खरं होतं. माझी फीसुद्धा त्यांनीच भरली आहे. तत्त्वं जपायला माझ्या खिशातून काय जातंय?

खूप विचार करून माझं उत्तर एवढंच आहे. ते दोन-तीन लाख रेघ पुसल्याने वाचत नाहीत. ते फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी बाबांच्या खिशातून जातात, आणि तेही पहिल्याच मोठ्या पुरात, गाद्या-गव्हासकट.

तूर्त हॉलला रंग झालाय, नळ बदललेत आणि रेघा आहेत तिथेच आहेत. दोन गिऱ्हाइकं त्या बघून परत गेली. आटपाडीचे काका मात्र २०१९ च्या रेघेवर हात ठेवून उभे राहिले. पाणी किती दिवस होतं, वीज कधी आली, वर एक खोली चढवता येईल का, सगळं त्यांनी विचारलं. बाबांनी खरं ते सांगितलं. भाव त्यांनी चांगलाच पाडून मागितलाय. बाबा अजून "बघू" म्हणतायत.

आपल्यापैकी कितीतरी जण शिकायला सांगलीत खोली घेऊन राहतात. भाडं आणि वायफायच्या आधी एक प्रश्न विचारा, "एकोणीसला पाणी कुठपर्यंत होतं?" आणि तुमच्या घरी कुणी अशी रेघ पुसायला निघालं असेल, तर आमच्यासारखं थोडं भांडा. भाव पडेल, बोलणी बसतील. पण पुढच्या ऑगस्टमध्ये कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली की त्या घरात राहणाऱ्यांना फ्रीज किती उंच चढवायचा हे तरी माहीत असेल.