मतदाराविना पहिली फेरी : उल्हासनगरचे स्थानिक पक्ष आणि तिकिटाचे राजकारण

१/
उल्हासनगर कॅम्प नं. ३. कल्याण-अंबरनाथ रस्त्यावर, चोपडा कोर्टाजवळ, महापालिकेचे मुख्यालय आहे. महापालिकेची निवडणूक जवळ आली की या शहरात एक नव्हे, दोन निवडणुका होतात. दुसरी सर्वांच्या परिचयाची आहे : मतदान यंत्र, बोटावरची शाई, निकाल, गुलाल. पहिली तिच्या काही आठवडे आधीच उरकते. तिच्यात सभा होतात, मोटारसायकलींच्या फेऱ्या निघतात, पक्षप्रवेशाचे सोहळे रंगतात, चौकाचौकांत फलक झळकतात. फक्त मतदान तेवढे होत नाही. हा थ्रेड त्या पहिल्या निवडणुकीविषयी आहे.

२/
अमेरिकेत या टप्प्याला ‘प्रायमरी’ म्हणतात. पक्षाचा उमेदवार कोण असावा, हे तेथे मतदारच मत देऊन ठरवतात. आपल्याकडे त्याला ‘तिकीटवाटप’ म्हणतात. शब्द मोठा प्रामाणिक आहे; वाटणारा कोण आणि हात पसरणारा कोण, हे तो लपवीत नाही.

उल्हासनगरच्या स्थानिक पक्षांवर नेहमी एकच आरोप होतो : संधिसाधूपणाचा. आज या चिन्हावर, उद्या त्या चिन्हावर. हा आरोप वरवरचा आहे. खरा आक्षेप निराळा आणि अधिक गंभीर आहे. मुंबई-दिल्लीहून होणाऱ्या तिकीटवाटपाला शह देण्याची ताकद या पक्षांनी मतदारांच्या बळावर मिळवली. परंतु उमेदवार निवडण्याचा हक्क त्या मतदारांना कधीच दिला नाही.

३/
हे समजून घेण्यासाठी शहराच्या जन्मापाशी जावे लागते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची संक्रमण छावणी होती. १९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला नाव मिळाले. छावण्यांचे क्रमांक मात्र पुसले गेले नाहीत. आजही माणसे पत्ता सांगताना ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ असेच सांगतात.

४/
अशा शहरात राजकारणाचा पहिला विषय विचारसरणी हा असूच शकत नव्हता. विषय होता कागद. बराकीतील खोली कोणाच्या नावावर? जमिनीची सनद मिळणार की नाही? वाढवलेला मजला अधिकृत की अनधिकृत? १९६० साली नगरपालिका आली, १९९६ साली महापालिका झाली, तरी प्रश्न तोच राहिला. २००६ साली तर राज्य विधिमंडळाला केवळ या एका शहरातील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. एका शहरासाठी एक कायदा! घराच्या कागदासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या माणसाला पक्षाचा जाहीरनामा नको असतो. त्याला ओळखीचा, दार ठोठावता येईल असा ‘आपला माणूस’ हवा असतो. स्थानिक पक्षांची मुळे या गरजेत आहेत. ती गरज खोटी नव्हती, हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य करायला हवे.

५/
पप्पू कलानी यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९८६ साली ते नगराध्यक्ष झाले. १९९० साली काँग्रेसचे आमदार. १९९५ साली तुरुंगात असताना अपक्ष म्हणून विजयी. १९९९ आणि २००४ साली रिपब्लिकन पक्षाकडून आमदार. चार निवडणुका, तीन ओळखी, मतदारसंघ मात्र एकच. २००९ साली भाजपच्या कुमार आयलानी यांनी त्यांचा पराभव केला. २०१३ साली एका जुन्या खून खटल्यात कल्याणच्या न्यायालयाने त्यांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. तरीही २०१४ साली त्यांच्या पत्नी ज्योती कलानी राष्ट्रवादी काँग्रेसच्या उमेदवार म्हणून निवडून आल्या, त्याही दोन हजारांपेक्षा कमी मतांच्या फरकाने.

या यादीत गुन्हेगारी आणि राजकारण यांचे नाते शोधणाऱ्यांना भरपूर सामग्री आहे आणि ते नाते झाकण्याचे काहीच कारण नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट टिपावी : चिन्ह बदलत गेले, मतदार मात्र माणसामागे गेला. पक्ष हे येथे भाड्याचे घर होते.

६/
मग भाड्याच्या घराची गरजच काय? स्वतःच्या चिन्हावर का लढू नये?

येथे निवडणुकीच्या यंत्रणेकडे पाहावे लागते. २०१७ची महापालिका निवडणूक चार सदस्यांच्या प्रभागांनुसार झाली. म्हणजे एका मतदाराने एका खेपेस चार मते द्यायची. प्रभाग मोठा, उमेदवारांची नावे भरपूर. अशा वेळी मतदार चिन्हाचा आधार घेतो. गल्लीत ओळख असलेला अपक्ष जुन्या एकसदस्यीय वॉर्डात तग धरू शकत असे; चार सदस्यांच्या प्रभागात त्याचा आवाज पुढच्या वस्तीपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे स्थानिक गटाला मोठ्या पक्षाचे चिन्ह हवे असते आणि मोठ्या पक्षाला स्थानिक गटाची माणसे. हा सौदा एबी फॉर्मवर होतो. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, ठरल्या वेळेच्या आत, तो कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोहोचला तर माणूस पक्षाचा. नाही पोहोचला तर अपक्ष.

७/
आता त्या मोटारसायकल फेऱ्या, ती शक्तिप्रदर्शने पुन्हा पाहा. त्यांतील गर्दी मत मागण्यासाठी जमवलेली नसते, कारण मत कोणाला मागायचे हेच अजून ठरलेले नसते. ती गर्दी म्हणजे मोठ्या पक्षाला पाठवलेले निवेदन असते : ‘इतकी माणसे आमच्यामागे आहेत, त्या प्रमाणात जागा द्या.’ मतदार तेथे जमतो, घोषणा देतो, मोजला जातो. पण त्याला काही विचारले जात नाही.

८/
२०१७ ते २०१९ हा काळ याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. २०१७ साली ओमी कलानी यांच्या ‘टीम ओमी कलानी’ या गटाचे उमेदवार भाजपच्या कमळावर लढले. ७८ जागांच्या सभागृहात भाजप सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण बहुमत हुकले. ते जीवन इदनानी यांच्या साई पक्षाच्या पाठिंब्याने जुळले. मीना आयलानी महापौर झाल्या. २०१८ साली पंचम कलानी. म्हणजे एका स्थानिक गटाने भाजपला आतून उमेदवार पुरवले आणि दुसऱ्या स्थानिक पक्षाने बाहेरून टेकू दिला.

२०१९च्या विधानसभा निवडणुकीत पेच आला. कलानी गटाला भाजपची उमेदवारी हवी होती; ती कुमार आयलानी यांना मिळाली. ज्योती कलानी पुन्हा राष्ट्रवादीच्या उमेदवार झाल्या आणि थोडक्या मतांनी पडल्या. त्यानंतर महिनाभरातच महापौरपदाची निवडणूक होती. कमळावर निवडून आलेल्या कलानी समर्थक नगरसेवकांनी शिवसेनेला साथ दिली. लीलाबाई आशान महापौर झाल्या. पराभूत झालेले भाजपचे उमेदवार होते जीवन इदनानी. तेच, साई पक्षाचे!

९/
या घटनाक्रमाकडे विनोद म्हणून पाहण्याचा मोह होतो. शहरात तो विनोद म्हणून सांगितलाही जातो. पण त्यात नेमके काय घडले? आयलानी की कलानी, हा वाद ऑक्टोबरपूर्वी, उमेदवारीच्या वेळी, भाजपच्या मतदारांसमोर मांडून सोडवता आला असता. तो पक्षकार्यालयात दाबला गेला आणि नोव्हेंबरात सभागृहात फुटला. मतदाराने २०१७ साली दिलेले मत २०१९ साली उलट दिशेने वापरले गेले. उमेदवारीच्या भांडणाचा निकाल जेथे मतदार नाही तेथे लागला. पहिली फेरी टाळली की ती अशी तिसरी फेरी होऊन परत येते.

१०/
कायद्याला हे सारे ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या १९८६च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियमात ‘आघाडी’ची व्याख्याच दिली आहे : स्थानिक संस्थेच्या निवडणुकीत उमेदवार उभे करण्यासाठी पक्ष म्हणून एकत्र आलेला व्यक्तींचा गट. म्हणजे विधिमंडळाने चार दशकांपूर्वीच स्थानिक गटांना मान्यता दिली. परंतु त्या गटाने उमेदवार कसा निवडावा, याबद्दल कायदा गप्प आहे. निवडून आल्यावर पक्ष सोडू नये यासाठी बंधने आहेत. निवडण्यापूर्वी कोणाला विचारावे यासाठी एकही नाही.

शेजारच्या अंबरनाथमध्ये हे आणखी पुढे गेले. डिसेंबर २०२५च्या नगरपरिषद निवडणुकीनंतर ‘अंबरनाथ विकास आघाडी’ या नावाखाली भाजप आणि काँग्रेसचे नगरसेवक एकत्र आले. काँग्रेसने आपल्या नगरसेवकांना निलंबित केले. मतदान होऊन गेल्यावर तयार झालेल्या आघाडीला मतदाराने मत दिले होते, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

११/
‘प्रायमरी’ हे त्यावर रामबाण औषध आहे का? नाही. आणि येथे अमेरिकेचा इतिहास अर्धाच सांगून भागणार नाही.

उजळ अर्धा भाग असा : विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी पक्षाच्या म्होरक्यांच्या बंद बैठकांविरुद्ध मोहीम उघडली. १९०३ साली कायदा झाला, १९०४ साली जनमताने तो मंजूर झाला, १९०६ साली प्रथम अमलात आला. उमेदवार ठरवण्याचा अधिकार मतपेटीकडे गेला.

१२/
काळा अर्धा भाग दक्षिणेतला. तेथे डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार हमखास निवडून येई, त्यामुळे प्रायमरी हीच खरी निवडणूक होती. टेक्सासने १९२३ साली कायदा करून कृष्णवर्णीयांना तिच्यातून वगळले. पुढे युक्तिवाद झाला की पक्ष ही खासगी संस्था आहे, तिने कोणाला सभासद करावे हा तिचा प्रश्न. १९३५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्यही केला. अखेर ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या खटल्यात, थरगुड मार्शल यांच्या युक्तिवादानंतर, १९४४ साली न्यायालयाने ही ‘गोरी प्रायमरी’ घटनाबाह्य ठरवली. अंतिम निवडणुकीत मतदानाचा हक्क कागदावर शाबूत होता. पण निकाल आधीच्या फेरीत लागत असे आणि त्या फेरीचे दार बंद होते.

१३/
उल्हासनगरला हा भाग अधिक लागू पडतो. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,०६,०९८ होती. ती केवळ सिंधी कुटुंबांची नव्हे. मराठी भाषक आहेत, आंबेडकरी वस्त्या आहेत, उत्तर भारतीय कामगार आहेत. एका सिंधी नेत्याला दोनदा आमदार होण्यासाठी रिपब्लिकन पक्षाचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट या मिश्रणाची साक्ष आहे. उद्या एखाद्या स्थानिक पक्षाने ‘आमच्या सभासदांचे मत घेऊन उमेदवार ठरवू’ असे जाहीर केले आणि सभासद यादी एकाच समाजाची, एकाच बाजारपेठेची असली, तर दार पुन्हा बंदच राहील. म्हणून पक्षाची सभासद यादी पुरेशी नाही. त्या प्रभागाची संपूर्ण मतदार यादी हाच आधार हवा.

१४/
असे भारतात चालणार नाही, असे म्हणणारे २०१४चा दाखला देतात. राहुल गांधींच्या आग्रहाने काँग्रेसने काही लोकसभा मतदारसंघांत अंतर्गत निवडणूक घेतली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. वर्ध्यात सागर मेघे आणि लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडले गेले. लोकसभेच्या निकालात दोघेही पडले. पण या प्रयोगात मत देणारे होते पक्षाचे पदाधिकारी आणि प्रतिनिधी. सामान्य मतदार तेथेही बाहेरच होता. शिवाय त्या वर्षी काँग्रेसचे प्रायमरीविना दिलेले उमेदवारही राज्यात जवळपास सर्वत्र पडले. तेवढ्यावरून पद्धतीला दोष देणे म्हणजे पुरात वाहून गेलेल्या घराच्या दाराचा रंग चुकला म्हणण्यासारखे आहे.

१५/
लोकसभेपेक्षा महापालिकेचा प्रभाग या प्रयोगाला अधिक योग्य आहे. अंतर लहान, उमेदवार ओळखीचा. आणि मोठ्या पक्षांपेक्षा स्थानिक पक्षांना तो सोपा आहे. त्यांच्यावर दिल्लीचे संसदीय मंडळ नाही, मुंबईचा ‘वरून आदेश’ नाही. निर्णय घेणारी माणसे याच शहरात राहतात. १९८६चा कायदा आड येत नाही. एका रविवारी प्रभागातील मतदारांना बोलावून, यादीवर खूण करून, साध्या कागदी चिठ्ठीवर इच्छुकांपैकी एकाची निवड करता येते. मोटारसायकलींच्या एका फेरीला जेवढे कार्यकर्ते लागतात, तेवढ्यांत हे सहज उरकते.

१६/
आक्षेप येईल की पैसेवाला चिठ्ठ्याही विकत घेईल. घेईलही. पण आज त्याला फार माणसे विकत घ्यावी लागत नाहीत; एबी फॉर्मवर सही करणारा एक पुरतो. दुसरा आक्षेप खरा आहे : मतदारांनी निवडलेला उमेदवार नेत्याच्या मुठीत राहणार नाही. कुटुंबाच्या नावाने चालणारा गट हे कबूल करील का? मतदार यादीनुसार बोलावलेल्या त्या रविवारी कलानी, आयलानी किंवा इदनानी या आडनावांखेरीज एखादे चौथे नाव जिंकू शकते. बहुधा याच शक्यतेमुळे या शहरात फेऱ्या निघतात, चिठ्ठ्या निघत नाहीत.

१७/
एप्रिल २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळातही पहिली निवडणूक थांबली नव्हती. २०२४ साली लोकसभेला टीम ओमी कलानीने शिवसेनेच्या श्रीकांत शिंदे यांना पाठिंबा दिला, त्याला ‘दोस्ती का गठबंधन’ असे नाव दिले. त्याच वर्षी विधानसभेला ओमी कलानी शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे उमेदवार म्हणून महायुतीविरुद्ध उभे राहिले आणि कुमार आयलानींकडून पडले. सहा महिन्यांत दोन विरुद्ध बाजू. या दोन्ही वेळी कॅम्प नं. ३ मधील एखाद्या मतदाराला कोणी विचारले असते, तर त्याने काय सांगितले असते?