उजनीचे पाणी हिरवे का होते? नत्र-स्फुरदाचा हिशेब आणि शेतीचा वाटा

उन्हाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर शेवाळाचा हिरवा थर आला, जलपर्णी पसरली की दोन बाजूंनी आरोप सुरू होतात. काही जण पुणे-पिंपरी चिंचवडच्या सांडपाण्याला दोष देतात, तर काही जण दौंड, इंदापूर, करमाळ्याच्या उसाला. दोन्हींत तथ्य आहे. पण कोणाचा वाटा किती, हे अंदाजाने ठरवले तर उपाय चुकतो आणि दोष नाहक कोणाच्या तरी माथी बसतो. हा वाटा काढण्याचे साधन म्हणजे नदीखोऱ्याचे गणिती मॉडेल.

सध्याच्या मोजणीत काय सुटते?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या अहवालात देशातील 311 नदीपट्टे प्रदूषित ठरले. त्यांपैकी 55 महाराष्ट्रातील, म्हणजे देशात सर्वाधिक. ही वर्गवारी जैविक ऑक्सिजन मागणीवर, म्हणजे बीओडीवर होते. लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर बीओडी गेला की पट्टा प्रदूषित. यातून सेंद्रिय घाण कळते, पण नायट्रेट आणि फॉस्फेट या वर्गवारीत धरले जात नाहीत. शेवाळ आणि जलपर्णी वाढते ती मात्र याच अन्नद्रव्यांवर. साठलेल्या पाण्यात लिटरला 0.1 मिलिग्रॅमपेक्षा कमी स्फुरदही शेवाळाला पुरते.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रांबाबतही हे लक्षात ठेवा. मुळा-मुठेसाठी 2016 मध्ये सुमारे 990 कोटींचा, 11 केंद्रांचा प्रकल्प मंजूर झाला. अशी केंद्रे गरजेचीच आहेत. पण नेहमीच्या प्रक्रियेत बीओडी जितका उतरतो, तितके नत्र-स्फुरद उतरत नाही. त्यासाठी वेगळी सोय करावी लागते.

मॉडेल काय करते?

'स्वॅट' हे जगभर वापरले जाणारे मॉडेल अमेरिकेच्या कृषी विभागाने विकसित केले. ते खोऱ्याचे छोटे तुकडे पाडते. प्रत्येक तुकड्यात जमीन, उतार, पीक, पाऊस आणि खत भरले की पाणी, माती, नत्र व स्फुरद किती वाहून नदीत जाईल याचा रोजचा अंदाज मिळतो. शहरांचे सांडपाणी वेगळे भरले जाते. मग नदीत प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांशी ताळा केला जातो. ताळा जमला तरच 'खत 20 टक्के कमी केले तर काय?' अशा प्रश्नाचे उत्तर विश्वासाने घेता येते.

मात्रा वेगळी, भार वेगळा

मॉडेल भार मोजते. भार म्हणजे अन्नद्रव्याची मात्रा गुणिले प्रवाह. नदीत 1000 क्युसेक पाणी वाहते आणि लिटरला फक्त 1 मिलिग्रॅम नत्र आहे असे धरा. दिवसाला सुमारे 2,450 किलो नत्र, म्हणजे 45 किलोच्या जवळपास 118 गोण्या युरियाइतके नत्र वाहून जाते.

म्हणून एप्रिलमधील एका नमुन्यावर निष्कर्ष काढू नका. तेव्हा प्रवाह कमी आणि सांडपाण्याचा हिस्सा मोठा असतो. धरण मात्र पावसाळ्यात भरते. त्या पाण्याबरोबर शेतातील माती आणि मातीला चिकटलेले स्फुरद येते. उजनीच्या सुमारे 117 टीएमसी क्षमतेतील निम्म्याहून अधिक साठा मृत आहे. तळाशी बसलेल्या गाळातील स्फुरद, तेथील ऑक्सिजन संपला की पुन्हा पाण्यात उतरते. म्हणजे जुलैत आलेला भार मेमध्ये हिरवा दिसू शकतो. उलट नायट्रेट जमिनीत मुरून विहिरींत उतरते आणि ओढ्यातून नदीत यायला काही वर्षेही लागू शकतात. म्हणून आज खत कमी केले तरी फरक लगेच दिसेलच असे नाही.

विस्तार कार्यकर्त्यांची जबाबदारी

मॉडेलचा सर्वांत कच्चा दुवा म्हणजे खताची माहिती. पॉस यंत्रावर गोणी कधी आणि कोठे विकली गेली ते कळते. ती कोणत्या शेतात, कोणत्या तारखेला, पाण्याआधी की नंतर पडली ते कळत नाही. गावातील 20-25 प्लॉटची खत, पाणी आणि पिकाची तारीखवार नोंद ठेवा. अशी नोंद नसेल तर सगळ्या गावाला एकच सरासरी लागते आणि जपून खत देणाऱ्याचाही वाटा जास्त धरला जातो.

शेतकऱ्यांनी आजपासून काय करावे?

- विहिरीचे पाणी तपासा. पिण्यासाठी नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. एवढे नायट्रेट असलेल्या पाण्याच्या 8 सेंमीच्या दहा पाळ्यांतून एकरी सुमारे 32 किलो नत्र जाते, म्हणजे दीड गोणी युरिया. पीक ते सगळे घेत नाही, तरी माती परीक्षणाबरोबर हा हिशेब धरून मात्रा ठरवा.
- उसाला नत्र विभागून द्या. लागवडीला 10, सहा ते आठ आठवड्यांनी 40, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला 40 टक्के.
- खत मातीआड करा. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर हप्ता पुढे ढकला. ठिबक असेल तर विद्राव्य खते थोडी-थोडी द्या.
- पाचट ठेवा. ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखा. माती अडली की स्फुरदही अडते.

उद्या पाण्याच्या गुणवत्तेवरून खतावर बंधने आली, तर आपल्या बाजूने बोलायला नोंदी लागतील. शहराकडे सांडपाण्याच्या लिटरचा हिशेब मागायचा असेल, तर गोण्यांचा हिशेब आपल्या वहीत आधी हवा.