डब्यावरचे २५५ लिटर

टर्बो मोठा करायचं ठरलं की हौशी गाडीवाल्याचा खर्चाचा क्रम ठरलेला असतो: आधी टर्बो, मग इंटरकूलर, मग एक्झॉस्ट आणि रीमॅप. फ्युएल पंपाची पाळी येईपर्यंत खिसा हलका झालेला असतो. मग एकतर आहे तोच पंप रेटला जातो, नाहीतर डब्यावर सर्वांत मोठा आकडा छापलेला पंप आणून टाकीत सोडला जातो. पहिली कंजुषी, दुसरी उधळपट्टी. पण दोन्हींच्या मुळाशी समज एकच, की 'ताशी २५५ लिटर' हा पंपाचा अंगचा गुण आहे, साबणाच्या वडीवर वजन छापलेलं असतं तसा. वास्तविक तो आकडा ठरावीक दाबाला आणि ठरावीक व्होल्टेजला मोजलेला असतो, आणि पंप गाडीत बसला की दोन्ही बदलतात. म्हणून माझं म्हणणं असं, की पंप घेताना आधी दाब आणि वायर पाहावी, लिटर शेवटी.

हिशेब मांडून पाहू. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना दर अश्वशक्तीमागे ताशी पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास पेट्रोल पितं. लिटरभर पेट्रोलचं वजन साधारण ७४० ग्रॅम. म्हणजे ५०० अश्वशक्तीला ताशी १८५ लिटर लागणार. वालब्रोचा २५५ लिटरचा पंप अशा कामासाठी जगभर वापरला जातो. त्यातून १८५ वजा केले तर ७० लिटर शिल्लक, म्हणजे चैनच. पण हा आकडा तीन बारच्या जवळपासचा दाब आणि साडेतेरा व्होल्ट धरून दिलेला असतो. इंजेक्टर ज्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल फवारतो तिथे टर्बोनं हवा कोंबलेली असते. त्या दाबापुढे फवारा कमी पडू नये म्हणून रेग्युलेटर बूस्टच्या प्रमाणात रेलचा दाबही चढवत नेतो. मूळ तीन बार, वर दीड बार बूस्ट. म्हणजे पंपाला साडेचार बारशी झुंजायचं असतं. तिथे हाच पंप २२० लिटरच्या आसपास येतो. अजूनही भागतं. आता मागच्या टाकीपर्यंत गेलेली जुनी बारीक वायर आणि गंजलेले कनेक्टर हिशेबात धरा. पंपापाशी बाराच व्होल्ट पोचले तर तो १८५ च्या काठावर येऊन ठेपतो. पंप तोच, इंजिन तेच! आणि हा तुटवडा कळतो तो नेमका पूर्ण बूस्टवर, मिश्रण लीन होऊन नॉक सुरू झाल्यावर. आयडलिंगला आणि शहरातल्या ट्रॅफिकमध्ये गाडी गुणी बाळासारखी चालते. वितळलेला पिस्टन हाती आला की दोष मात्र ट्यूनरच्या माथी.

व्होल्टेजचा हा परिणाम गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना चांगला ठाऊक आहे. १९९३ मध्ये आलेल्या टोयोटा सुप्राच्या टर्बो मॉडेलमध्ये पंपासाठी वेगळा कंट्रोलर आहे. भार कमी असताना तो पंपाला कमी व्होल्ट देतो, भार वाढला की पूर्ण. म्हणजे टोयोटानं व्होल्टेजचा वापर चक्क नळाच्या चावीसारखा केला. तेव्हा बॅटरीपासून जाड वायर ओढून स्वतंत्र रिले बसवणं, हा माझ्या मते पंपाआधीचा खर्च. तो पंपाच्या किमतीच्या मानानं किरकोळ असतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की एवढं मोजत बसण्यापेक्षा सरळ ४५० लिटरचा पंप टाकावा. इंजिन हवं तेवढंच घेईल, उरलेलं टाकीत परत जाईल. यात अर्धं तथ्य आहे. पण परत जाण्याची वाट मूळच्या छोट्या पंपाच्या मापाची असते. आयडलिंगला इंजिन जवळपास काहीच घेत नाही, सगळा लोंढा त्या बारीक नळीतून वळवताना रेग्युलेटर अपुरा पडतो, रेलचा दाब चढतो आणि मिश्रण रिच होतं. शिवाय तेच पेट्रोल गोल गोल फिरून तापतं. मोठा पंप करंटही जास्त ओढतो, म्हणजे वायरीचा प्रश्न मिटण्याऐवजी चिघळतो. रिटर्न लाइन आणि कंट्रोलर बदलणार असाल तर जरूर मोठा पंप घ्या. २५० अश्वशक्तीच्या गाडीत तो घालणं ही मात्र निव्वळ मिरवायची हौस.

'आमची गाडी डायनोवर नीट चालली' हा दुसरा युक्तिवाद. डायनोवरचा एक पुल काही सेकंदांचा असतो. मे महिन्याच्या दुपारी, टाकीत पाव पेट्रोल आणि एसी चालू ठेवून बोरघाट चढणं ही वेगळी परीक्षा आहे. टाकीतला पंप पेट्रोलनंच थंड राहतो, आणि तापलेल्या पेट्रोलचे बुडबुडे ओढणारा पंप दाब धरू शकत नाही. म्हणून रेलवर प्रेशर सेन्सर बसवून चालत्या गाडीत लॉग घ्यावा. रेलच्या दाबातून बूस्ट वजा केल्यावर वरच्या आरपीएमलाही तीनच बार उरत असेल तर पंप पुरतोय, घसरत असेल तर नाही.

चाकणला बनलेल्या पोलो टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत मात्र टाकीतला पंप फक्त पुरवठादार. शंभर बारच्या पुढचा दाब कॅमशाफ्टवर चालणारा दुसरा पंप देतो, आणि कमी पडतो तो बहुधा तोच. तिथे टाकीतला पंप बदलून पैसे घालवणाऱ्यांची संख्या कमी नसावी. नेक्सॉनच्या टर्बो पेट्रोलमध्ये इंजेक्टर मॅनिफोल्डमध्येच आहेत, त्यामुळे वरचा हिशेब तिला लागू पडतो. (मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाजोगते बदल करता येत नाहीत, हेही आधी पाहून घ्यावं, ट्रॅकवर पळवायची गाडी वेगळी.) आणि आपल्याकडे आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन सात-आठ टक्के जास्त द्यावं लागतं. वरच्या उदाहरणातले १८५ लिटर त्यामुळे २०० च्या घरात जातात, आणि बारा व्होल्टवर चालणारा तो २५५ चा पंप तिथे सपशेल तोकडा पडतो.