पानाच्या माथ्यावर आवृत्ती हवी

अपाची वेब सर्व्हरची 2.4 ही आवृत्ती 2012 मध्ये आली आणि कोणाला आत येऊ द्यायचे, कोणाला नाही, हे कॉन्फिगरेशनमध्ये लिहिण्याची रीत बदलली. आधी ‘ऑर्डर’, ‘अलाउ’, ‘डिनाय’ अशा ओळी लिहीत; आता ‘रिक्वायर’ लिहायचे. जुन्या फाइली एकदम बंद पडू नयेत म्हणून त्या ओळी समजणारे एक मॉड्यूलही सोबत ठेवले गेले. घोटाळा होतो तो इथे. एखादा प्रशासक दोन ओळी डॉक्युमेंटेशनच्या जुन्या पानावरून उचलतो, एक नव्या पानावरून. सर्व्हर बिनतक्रार सुरू होतो. पण दोन्ही रीतींची सरमिसळ झाली की बंद आहे असे समजलेले फोल्डर जगाला उघडे राहू शकते, आणि पडद्यावर एकही एरर दिसत नाही.

आधीच्या 2.2 या आवृत्तीची देखभाल 2017 मध्ये थांबली. तिचे डॉक्युमेंटेशन मात्र आजही जागेवर आहे, आणि ते तसेच असायला हवे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर सूचना आहे: ही आवृत्ती जुनी आहे, चालू आवृत्तीतले हेच पान इथे आहे.

जुनी पाने दिसली की ती काढून टाकण्याची ऊर्मी अनेक प्रकल्पांत येते. संकेतस्थळ नव्याने बांधताना तर हमखास. आमचा तिला स्पष्ट विरोध आहे. जुन्या यंत्रणेचा ताबा नुकताच ज्याच्याकडे आला आहे, तिच्यातली एकेक ओळ काय करते हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला त्या पानाची गरज सर्वांत जास्त असते. ते समजल्याशिवाय त्याने नव्या आवृत्तीवर जायचे तरी कसे? शिवाय त्या पत्त्यांकडे पुस्तके, बग रिपोर्ट आणि कोडमधल्या कॉमेंट बोट दाखवत असतात. पत्ते बदलू नयेत असे टिम बर्नर्स-ली यांनी 1998 मध्येच आग्रहाने लिहिले होते. पान काढण्याहूनही वाईट म्हणजे प्रत्येक जुना पत्ता नव्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानाकडे वळवणे. एका फंक्शनची माहिती शोधत आलेल्या माणसाला स्वागताच्या पानावर नेऊन सोडायचे, यात त्याच्या वेळेची काही किंमत धरलेली नाही.

हे काम उत्तम कसे करता येते ते पोस्टग्रेसक्यूएलकडे पाहावे. तिथे प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे आधार मिळतो. पानाच्या वरच्या बाजूला चालू आवृत्त्या एका ओळीत आणि आधार संपलेल्या दुसऱ्या ओळीत असतात, आणि त्यातला प्रत्येक दुवा तुम्ही वाचत असलेल्या पानाच्याच त्या आवृत्तीकडे नेतो. आकडा नसलेला, कायम ताज्या आवृत्तीकडे जाणारा ‘करंट’ हा पत्ताही आहे. शोधयंत्रांचा प्रश्न उरतो, कारण जुन्या पानाकडे वर्षानुवर्षे दुवे जमलेले असतात आणि ते निकालांत वर येत राहते. त्यासाठी कॅनॉनिकल टॅग आहे. मोठ्या शोधयंत्रांनी तो 2009 मध्ये स्वीकारला. खरे पान कोणते हे त्यातून शोधयंत्राला कळते, आणि जुने पान वाचकासाठी जागेवरच राहते.

पीएचपीच्या मॅन्युअलमधली मायएसक्यूएल_कनेक्टची नोंदही पाहण्यासारखी आहे. हे फंक्शन 5.5 मध्ये नापसंत ठरले आणि 2015 मधल्या 7.0 मध्ये काढले गेले. पान राहिले, त्यावर ठळक इशारा आला आणि इशाऱ्यातच मायएसक्यूएलआय व पीडीओ हे पर्याय दिले गेले. पर्याय सांगणे महत्त्वाचे, कारण ‘वापरू नका’ एवढ्यावर थांबणारी सूचना वाचकाला पुन्हा शोधयंत्राकडे आणि तिथून कुठल्यातरी जुन्याच उदाहरणाकडे पाठवते.

ही सगळी उदाहरणे आवृत्ती सांगणाऱ्या पानांची आहेत. आम्हाला खरी भीती वाटते ती आवृत्तीच न सांगणाऱ्या पानांची: इन्स्टॉलेशनची पायरीवार माहिती, नवख्यांसाठीची ओळख, विकीवर कोणीतरी कधीतरी लिहिलेले नेहमीचे प्रश्न. अशी पाने आजचीच म्हणून वाचली जातात, आणि ती वाचणारा नवखा असल्याने चूक आपलीच असणार असे तो धरून चालतो. तळाशी बदलाची तारीख असून भागत नाही. ती शुद्धलेखनाच्या दुरुस्तीचीही असू शकते. हवी ती ओळ अशी: या पायऱ्या अमुक आवृत्तीवर करून पाहिल्या आहेत.

ती ओळ खरी ठेवायची असेल तर वर्षातून एकदा मोहीम काढून जमणार नाही. वागणूक बदलणारा कोड आणि त्याचे पान एकाच बदलात यावेत. पान नसेल तर कोड स्वीकारू नये. उदाहरणे यंत्राकडून तपासून घ्यावीत. पायथॉनमध्ये त्यासाठी डॉकटेस्ट आहे, रस्टमध्ये डॉक्युमेंटेशनमधला नमुना कोड इतर चाचण्यांबरोबरच चालतो. मोडलेले उदाहरण मग वाचकाच्या आधी आपल्याला सापडते.

मराठीत भाषांतर करणाऱ्यांवर ही जबाबदारी अधिकच आहे. मूळ पान बदलते तेव्हा भाषांतराला त्याचा पत्ताही नसतो. पीएचपी मॅन्युअलच्या भाषांतरकारांनी यावर साधा उपाय केला: प्रत्येक फाइलच्या माथ्यावर मूळ इंग्रजीची नेमकी कोणती नोंद भाषांतरित केली तिची खूण ठेवायची. कोणते पान किती मागे पडले ते लगेच कळते. एमडीएन या वेब तंत्रज्ञानाच्या संदर्भस्थळाचा मजकूर 2020 च्या अखेरीस गिटहबवर गेला, त्यानंतर सांभाळणारा गट नसलेल्या भाषांतली भाषांतरे संकेतस्थळावरून काढण्यात आली. भाषेवर प्रेम करणाऱ्याला हे टोचते. तरीही भरवशाने चुकीची माहिती देणाऱ्या मराठी पानापेक्षा ताज्या इंग्रजी पानाकडे नेणारा दुवा आम्ही पसंत करू.

पुढील अंकापासून या मासिकातील प्रत्येक लेखाच्या आरंभी त्यातला कोड कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिला ते छापले जाईल. मागच्या अंकांतले लेख संकेतस्थळावर राहतील. त्यांतील कोणता कोड आता चालत नाही हे वाचकांनी आवृत्तीच्या आकड्यासह कळवावे, म्हणजे त्या लेखाच्या माथ्यावर सूचना आणि नव्या लेखाचा दुवा देता येईल.