दुकानाच्या छतावर सोलर: श्रीरामपुरात कुणाला परवडेल, कुणाला नाही?

पीएम सूर्य घर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सिस्टीमला 78 हजार रुपये अनुदान मिळतं, पण फक्त घरगुती ग्राहकांना. श्रीरामपूरच्या मेन रोडवरचं दुकान किंवा एमआयडीसीतला कारखाना त्यात बसत नाही. त्यांना सगळा खर्च वीजबिलातूनच वसूल करावा लागतो.

किती वीज मिळते?

1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट सावलीविना जागा लागते. त्यातून दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात. म्हणजे 1,000 चौरस फुटांच्या छतावर 10 किलोवॅट, रोज सुमारे 40 युनिट. मात्र नेट मीटरिंगमध्ये मंजूर भारापेक्षा मोठी सिस्टीम बसवता येत नाही.

मेख कुठे आहे?

वीज कधी वापरता, यात. पिठाची गिरणी दिवसा चालते, त्यामुळे छतावरची वीज तिथल्या तिथे वापरली जाते. कापड दुकानात मात्र गर्दी संध्याकाळी होते. दुपारची जास्तीची वीज महावितरणकडे जाते आणि नेट मीटरिंगमधून तिची वजावट मिळते.

पण बिल वेळेनुसार, म्हणजे 'टीओडी' पद्धतीने येत असेल तर हिशोब बदलतो. राज्य वीज नियामक आयोगाच्या 2025 च्या दररचनेत सकाळी 9 ते संध्याकाळी 5 ही वेळ स्वस्त विजेची धरली आहे. दुपारचं युनिट संध्याकाळच्या महाग युनिटासमोर वजा होत नसेल, तर पैसे वसूल व्हायला जास्त वर्षं लागतात.

दिवसाचं काम दिवसाच्या उन्हावर, हे गणित जिल्ह्याला नवं नाही. शिर्डीच्या साई प्रसादालयाच्या छतावर 2009 मध्ये 73 सौर तबकड्या बसल्या, त्यांच्या वाफेवर स्वयंपाक करण्यासाठी.

पार्किंगवर का नको?

फ्रान्सने 2023 मध्ये कायदाच केला: 1,500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या पार्किंगच्या किमान निम्म्या जागेवर सौर छत हवं. आपल्याकडे अडचण लोखंडाची. गाड्या खालून जातील इतका उंच आणि वाऱ्यात टिकेल असा सांगाडा छतापेक्षा महाग पडतो. गाड्यांना सावली मिळते, पण ती बिलात दिसत नाही.

म्हणून कोटेशन घेण्याआधी वर्षभराची बिलं काढा, दिवसाचा वापर वेगळा मोजा आणि वजावटीचा सध्याचा नियम महावितरणच्या कार्यालयात विचारा. सिस्टीम छताच्या मापाने नको, दिवसाच्या वापराच्या मापाने घ्या.