जाऊन येते!

सायकल कशासाठी चालवायची, असं आज कुणालाही विचारून पाहा. वजन उतरवायला, पेट्रोल वाचवायला, तब्येत राखायला, अशी उत्तरं मिळतील. सगळी खरीच आहेत. 2018 पासून 3 जून हा जागतिक सायकल दिन म्हणून पाळला जातो, तेव्हाही आपण हेच फायदे ऐकतो. पण औषधासारखी घेतलेली सायकल बहुधा फार दिवस चालत नाही. पंधरा दिवसांत ती जिन्याखाली जाते आणि तिच्यावर पायपुसणी वाळू लागतात. आपलं काहीतरी जिच्यात गुंतलेलं असतं, ती सायकल टिकते. ते काय, हे ज्याचं त्याने शोधायचं.

माझं मला साठीच्या उंबरठ्यावर सापडलं.

आमच्या लहानपणी सांगलीत सायकल तासाच्या भाड्याने मिळायची. ती मोठ्यांची, उंच. सीटवर बसलं तर पाय पोहोचायचे नाहीत, म्हणून दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकायचं. गुडघे फुटायचे, कोपरं सोलायची. पण एकदा तोल सांभाळता आला, की मैत्रिणीकडे, वाचनालयात, नदीवर कुठेही जाता यायचं. दारातून ‘आई, जाऊन येते गं’ एवढं म्हटलं की झालं.

लग्न झालं आणि सायकल माहेरीच राहिली. सासरी आधी स्कूटर आली, मग मोटार आली आणि माझं वाक्य बदललं. ‘मला जरा सोडता का?’

सोडणाऱ्यांनी कधी कुरकुर केली नाही. ‘आई, पाच मिनिटं थांब, निघतोच,’ असं मुलगा आजही प्रेमाने म्हणतो. पण बहिणीकडे जायचं तर त्यांची सुट्टी बघायची, देवळात जायचं तर त्यांची सवड. मग आपणच म्हणतो, ‘राहू दे, तसं काही अडलं नाही.’ बायकांच्या कितीतरी लहानसहान इच्छा या ‘राहू दे’मध्ये विरून जातात.

गेल्या वर्षी भाची शिकायला परगावी गेली, तेव्हा तिची सायकल आमच्याकडे ठेवून गेली. मी ती बाहेर काढली, तेव्हा घरात एकच प्रश्न उठला, ‘या वयात? पडलात तर?’ भीती अगदीच खोटी नव्हती. म्हणून दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घेतली, ब्रेक तपासून घेतले आणि आठवडाभर पहाटे मोकळ्या मैदानात सराव केला. हात थरथरत होते, पण तोल पायांच्या लक्षात होता. नवव्या दिवशी एकटी मंडईत जाऊन कोथिंबीर आणि लिंबं घेऊन आले. खरेदी दहा-वीस रुपयांची, पण आनंद केवढा!

तेव्हा तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्याची आठवण झाली. 1990 नंतरच्या काळात तिथे साक्षरतेची मोठी मोहीम झाली. त्या वेळच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या प्रोत्साहनाने अक्षरओळखीच्या जोडीला बायकांना सायकलही शिकवली गेली. शेतमजूर, दगडखाणीतल्या कामकरी, हजारो जणी शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या, तर त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. पुढे तर काहींना त्याच बऱ्या वाटू लागल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं! पाणी आणणं, कामावर जाणं, माल विकायला नेणं यासाठी त्यांना बसची किंवा घरातल्या पुरुषाची वाट पाहावी लागेना.

वयाचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या दारूबंदी चळवळीच्या पुढारी फ्रान्सेस विलर्ड त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि 1895 मध्ये त्यांनी त्यावर एक पुस्तकही लिहिलं.

मोटार आमच्या दारात आजही आहे. पावसात, लांबच्या लग्नकार्याला मी तिच्यातूनच जाते. पण जवळच्या कामांसाठी आता कुणाची सवड बघत नाही. माझ्यापुरता सायकलचा अर्थ एवढाच. तुमचा कदाचित वेगळा असेल. कुणाला वडिलांच्या मागे कॅरियरवर बसल्याची आठवण येईल, कुणाला कामानंतरची एकांताची वीस मिनिटं मिळतील. जिन्याखालची सायकल पुसा, हवा भरा आणि एक फेरी मारून या. उत्तर वाटेतच सापडेल.