ज्योतिष्याची कीर्द आणि खतावणी

पत्रिका मांडायला संगणकाला क्षणभर पुरतो आणि ती समजावून सांगायला ज्योतिष्याला पाऊण तास लागतो. मग उरलेला दिवस जातो कुठे, हा प्रश्न एकट्याने व्यवसाय करणाऱ्या बहुतेक ज्योतिष्यांना केव्हा तरी पडतो. समजा, दिवसाला सहा जातक आले, तर प्रत्यक्ष कामाचे साडेचार तास झाले. परंतु प्रत्येक जातकामागे वेळ ठरवण्याचे दोन दूरध्वनी, जन्मवेळ उतरवून घेणे, ती पुन्हा विचारणे, मुहूर्ताचा कागद पाठवणे, तो हरवला म्हणून दुसऱ्यांदा पाठवणे आणि मानधन जमा झाले की नाही ते पाहणे अशी पंचवीस मिनिटे सहज जातात. सहा जातकांचे ते अडीच तास होतात, आणि त्या अडीच तासांत ज्योतिषशास्त्राचा अंशही नसतो.

पेढीवर वाढलेल्या वाचकांना या दुखण्याचे कारण चटकन उमगेल. अशा ज्योतिष्याकडे कीर्द असते, खतावणी नसते. टेबलावरच्या रोजनिशीत आज कोण आले, काय विचारले, काय दिले, हे तारखेच्या क्रमाने नोंदलेले असते. तीच त्याची कीर्द. तीन वर्षांनी एखादे गृहस्थ येऊन म्हणतात, ‘‘गुरुजी, मागे आपण धाकट्याच्या लग्नाचे पाहिले होते, त्या वेळी काय सांगितले होते?’’ मग तीन रोजनिश्या चाळल्या जातात, आणि सापडले नाही की सारे नव्याने मांडले जाते. कोणताही व्यापारी केवळ कीर्दीवर उधारी वसूल करू शकणार नाही. प्रत्येक आसामीचे वेगळे पान हवेच.

ज्योतिष्याच्या खतावणीचे पान म्हणजे प्रत्येक जातकाचे एक कार्ड, आणि त्या कार्डाला एक क्रमांक. नावावर विसंबणे धोक्याचे, कारण एकाच गावात एकाच आडनावाचे दोन शांतीलाल हमखास निघतात. क्रमांक, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव आणि जन्मतपशील एवढे कार्डाच्या माथ्यावर असावे. खाली तारीखवार प्रश्न आणि दिलेले उत्तर, दोन-दोन ओळींत. संध्याकाळी कीर्दीतील सहा नोंदी सहा कार्डांवर उतरवायला वीस मिनिटे लागतात. हे काम उद्यावर टाकले की आठवड्याने ते डोंगराएवढे होते, हे पेढीवरच्या मुनीमजींनाही ठाऊक असते. कार्डे पुठ्ठ्याची असोत वा संगणकातील तक्त्याच्या ओळी असोत, शिस्त एकच.

खरे जोखमीचे काम मात्र कार्डाच्या माथ्यावरचे आहे. जन्मतपशील तोंडी घेण्याची पद्धत आजही सर्वत्र आहे, आणि बहुतेक चुका तिथेच जन्म घेतात. घरातील वडीलधारे सांगतात, ‘‘सोमवारी रात्री दीड वाजता.’’ आपल्याकडे वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, म्हणून त्यांच्या दृष्टीने ती रात्र सोमवारचीच. रुग्णालयाच्या दाखल्यावर मात्र मंगळवारची तारीख असते. ज्योतिष्याने सोमवारची तारीख आणि दीडची वेळ लिहून घेतली, की एक अख्खा दिवस मागे गेला. चंद्र दिवसाला साधारण एक नक्षत्र ओलांडतो. म्हणजे नक्षत्र बदलले, दशेचा आरंभ बदलला आणि छत्तीस गुणांचे मेलनही बदलले. दोन्ही घरांना पसंत पडलेले स्थळ ‘गुण जुळत नाहीत’ म्हणून परत जाते, आणि त्याचे कारण आकाशात नसून रोजनिशीच्या एका ओळीत असते, हे कोणाला कधी कळतही नाही. गुणमेलन कोणी किती मानावे, हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण मानणाऱ्याला निदान बरोबर तारखेचे गुण मिळाले पाहिजेत.

म्हणून जन्मतपशील तोंडी घेऊ नये, छापील अर्जावरच घ्यावा. भेटीची वेळ मागणाऱ्याला प्रथम तो अर्ज मोबाइलवर पाठवावा आणि भरून आल्यावरच वेळ द्यावी. अर्जात वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने विचारावी. मध्यरात्र ते पहाट या वेळेतील जन्म असेल तर ‘कोणत्या दोन वारांमधली रात्र’ असा वेगळा रकाना ठेवावा. जन्मगावापुढे तालुका आणि जिल्हा हवा, कारण महाराष्ट्रात वडगावे पुष्कळ आहेत. आणखी एक रकाना बहुतेकांच्या अर्जात नसतो, तो म्हणजे वेळ कोणी सांगितली. रुग्णालयाच्या कागदावरची वेळ, जुन्या पत्रिकेतील वेळ आणि आत्याच्या आठवणीतील वेळ यांचे मोल सारखे नाही. लग्नराशी सरासरी दोन तासांनी बदलते, पण नवमांश लग्न तेरा-चौदा मिनिटांत बदलते. ‘अंदाजे नऊ’ या वेळेवर नवमांशाची इमारत उभी करता येत नाही. घरातील एखाद्या वृद्धाची पत्रिका करायची असेल तर आणखी एक दक्षता घ्यावी. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात भारतातील घड्याळे एक तास पुढे केलेली होती.

पंचांग कोणते आणि अयनांश कोणता, हेही कार्डावर लिहिलेले असावे. सोलापूरचे दाते पंचांग चित्रापक्षाचे आणि टिळक पंचांग रैवत पक्षाचे. दोन ठिकाणी दाखवलेली एकच पत्रिका वेगळी निघाली, की जातक ज्योतिष्याला दोष देतो. कार्डावर एक शब्द असता तर खुलासा अर्ध्या मिनिटात झाला असता.

अर्ज आधी आला की दुसरा लाभ आपोआप होतो. पत्रिका भेटीपूर्वी मांडून ठेवता येते, आणि जातक समोर बसलेला असताना ज्योतिष्याचे डोळे पडद्यावर नव्हे, माणसावर राहतात. दूरध्वनीसाठी दिवसातून एक तास ठरवून द्यावा. उरलेल्या वेळी यंत्र बंद असलेलेच बरे. सल्ला चालू असताना तिसऱ्याशी बोलणारा ज्योतिषी समोरच्या माणसाला, त्याचे दुःखही असेच कोणासमोर तरी बोलले जाईल, अशी शंका नकळत देत असतो.

कामाला हंगाम असतो, हे ध्यानात घेतले तर वर्षाची आखणीही सोपी होते. चातुर्मासात विवाहमुहूर्तांची मागणी ओसरते आणि तुळशीविवाहानंतर झुंबड उडते. जुन्या रोजनिश्या कार्डांवर चढवायच्या असतील तर ते चार महिने त्यासाठीच आहेत. वहीपूजनाची गोष्ट निराळी. त्या संध्याकाळची वेळ गावातील प्रत्येक पेढीला हवी असते आणि उत्तर सर्वांना एकच असते. तरीही साठ जणांचे साठ दूरध्वनी स्वतंत्रपणे घेणारे ज्योतिषी आहेत. दसऱ्यानंतर एक कागद करावा, त्यावर गावाचे नाव ठळक घालावे आणि तो सर्वांना पाठवून द्यावा. गावाचे नाव अशासाठी की असे कागद नातेवाइकांकडे फिरतात; मुंबई आणि नागपूर यांच्या सूर्यास्तात दिवाळीच्या दिवसांत सुमारे अर्ध्या तासाचे अंतर पडते.

पैशांचा भाग येथे थोडक्यातच पाहू; वाचकांना तो शिकवण्याची गरज नाही. दक्षिणा पाकिटातून येते, काही रोख, काही मोबाइलवर, आणि पुष्कळदा घरखर्चाच्याच खात्यात. व्यवसायाचे खाते वेगळे हवे. पाकीट त्याच दिवशी उघडून रोजमेळात लिहावे, रक्कम कितीही असो. दक्षिणा ऐच्छिक ठेवणे हा ज्योतिष्याचा धर्म असेल, ती नोंदणे हा त्याचा व्यवहार आहे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक ठरते. रत्ने विकणाऱ्याने तो व्यापार सल्ल्याच्या मानधनापासून पूर्ण वेगळा मांडावा. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांच्यासाठी आयकराच्या अनुमानित आकारणीची जी यादी आहे, तीत ज्योतिष्याचे नाव नाही. आपल्याला काय लागू पडते ते सनदी लेखापालाला विचारावे, मात्र विचारायला जाताना हातात रोजमेळ असावा.

आता कार्डावरील खालच्या दोन ओळींकडे वळले पाहिजे, कारण सारी जोखीम तिथे साठते. या बाबतीत चारशे वर्षांपूर्वीचे एक उदाहरण उद्बोधक आहे. लंडनचा ज्योतिषी-वैद्य सायमन फोर्मन याने १५९६ पासून आपल्याकडे येणाऱ्यांच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या. बकिंगहॅमशायरमधील ग्रेट लिनफर्डचा धर्मोपदेशक रिचर्ड नेपियर याने त्याच्याकडून ती पद्धत घेतली आणि १६३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवली. नाव, वय, राहण्याचे ठिकाण, प्रश्न, तो विचारल्याची तारीख व वेळ, त्याखाली कुंडली आणि मग निष्कर्ष, असा त्यांचा साचा. दोघांच्या मिळून सुमारे ८०,००० नोंदी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत आणि केंब्रिज विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्यांची सूची करून वाचन केले आहे. त्यांतील एक तपशील आजच्या ज्योतिष्यानेही उचलावा असा आहे. दुसऱ्या कोणासाठी प्रश्न विचारायला माणूस आला, तर ज्याच्याविषयी प्रश्न आहे त्याची संमती आहे की नाही, हेही ते नोंदवीत असत.

हा रकाना आपल्याकडे किती उपयोगी पडेल! मुलीच्या घरच्यांनी मेलनासाठी पाठवलेली पत्रिका मुलाकडचे लोक घेऊन येतात आणि तिची प्रकृती, संतती, स्वभाव यांविषयी नाना प्रश्न विचारतात. मेलनापुरती दिलेली पत्रिका मेलनापुरतीच पाहावी. भागीदारी मोडावी का, असे विचारायला एक भागीदार येतो, आणि दुसऱ्याचे कार्ड त्याच खणात असते. महिन्यापूर्वी त्यानेही तेच विचारलेले असते. छोट्या बाजारपेठेत एका ज्योतिष्याच्या कपाटात किती घरांची कर्जे, दुखणी आणि मोडलेली स्थळे असतात, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

फोर्मन १६११ मध्ये वारला. चार वर्षांनी, सर टॉमस ओव्हरबरी यांच्या खुनाच्या खटल्यात, एका उमराव स्त्रीने त्याला लिहिलेले खासगी पत्र भर न्यायालयात पुढे आले. तिच्या मनातले फोर्मनने कोणाला सांगितले नव्हते. त्याचे कागद मात्र त्याच्यामागे उरले होते.

तेव्हा कार्डावर काय लिहावे याबरोबरच काय लिहू नये, हेही ठरलेले हवे. प्रश्नाचा विषय एका शब्दात पुरे: विवाह, प्रकृती, व्यवसाय, संतती. ‘मोठ्या भावाने पेढीतून रक्कम काढली’ असे वाक्य कोणत्याही कार्डावर असू नये. पुढच्या वेळी सल्ला देण्यासाठी त्याची गरज पडत नाही, आणि पडलीच तर सांगणारा पुन्हा सांगेल. पत्रिकांची छायाचित्रे मोबाइलमध्ये, घरातल्या लग्नाच्या छायाचित्रांशेजारी, राहू देऊ नयेत. कार्डावर उतरवून झाले की ती काढून टाकावीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याची दिशाही हीच आहे: माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, काम संपले की पुसायची, अठरा वर्षांखालील मुलांची असेल तर पालकांच्या संमतीने घ्यायची. निव्वळ कागदी वही त्याच्या कक्षेत येत नाही, परंतु ती संगणकावर चढवली की येते. नवजात बालकाची पत्रिका करणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे.

राहिला प्रश्न मागे उरणाऱ्या कपाटाचा. एकट्याच्या व्यवसायात वारस नेमलेला नसतो. मुलगा औषधांच्या दुकानात किंवा परगावी नोकरीत असतो, आणि एके दिवशी सुनेच्या हाती साऱ्या गावाची कार्डे येतात. ती बिचारी रद्दीवाल्याला बोलावते, किंवा त्याहून वाईट म्हणजे वाचत बसते. याची व्यवस्था ज्योतिष्याने हयातीतच एका पानाच्या पत्रात करून ठेवावी. कार्डाचा माथा, म्हणजे जन्मतपशील आणि कुंडली, ही जातकाची ठेव आहे; मागायला येईल त्याला ती ओळख पटवून परत द्यावी आणि त्यासाठी सहा महिन्यांची मुदत ठेवावी. खालच्या नोंदी कोणालाही न दाखवता नष्ट कराव्यात, अगदी त्या जातकाच्या मुलांनाही न दाखवता. यासाठी कार्ड मधोमध फाडता येईल असे, माथा वर आणि नोंदी खाली, आधीच छापून घेतले तर उत्तम. संगणकाचा परवलीचा शब्द बंद पाकिटात असावा आणि पाकिटावर कोणी उघडायचे त्याचे नाव असावे. हे काम व्यवसायाबाहेरच्या विश्वासू माणसाकडे सोपवणे बरे. गावातील दुसऱ्या ज्योतिष्याकडे सोपवल्यास सारी गिऱ्हाइके वारशाने दिल्यासारखे होते, आणि ती तशी देण्याचा अधिकार मुळात ज्योतिष्याला नाही. आणि हे पत्र त्या कपाटात ठेवू नये. कपाटाला कोणी हात लावण्यापूर्वी ते सापडायला हवे, म्हणून ते विम्याच्या कागदांबरोबर असावे. घरातले लोक पहिल्या आठवड्यात तेच शोधतात.